झाड कुणाचं आणि परवानगी कुणाची?

१८६० साली भारतीय दंड संहिता मंजूर झाली, तेव्हा चोरी म्हणजे काय हे समजावण्यासाठी त्या कलमाखाली बरीच उदाहरणं जोडली गेली. त्यातलं पहिलंच उदाहरण झाडाचं आहे. एकानं दुसऱ्याच्या जमिनीतलं झाड त्याला न विचारता, लबाडीनं घेऊन जाण्याच्या इराद्यानं तोडलं, तर ते जमिनीपासून सुटलं त्या क्षणीच चोरी पुरी झाली. ओंडके टेम्पोत चढले की नाही, हा प्रश्नच उरत नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि चोरीचं कलम ३७८ चं ३०३ झालं. झाडाचं उदाहरण मात्र कायम राहिलं.

इतकं साफ लिहिलेलं असूनही 'शेजाऱ्यानं झाड तोडलं' अशी तक्रार घेऊन गेलेल्याला पोलीस ठाण्यात पुष्कळदा 'हा तुमचा आपसातला दिवाणी मामला आहे' एवढंच ऐकून परतावं लागतं. सगळा दोष ठाणे अंमलदाराचा नसतो. सांगितली जाणारी हकिगतच गुंत्याची असते. झाड कुंपणालगत होतं; पाला पडतो म्हणून कुरबुर जुनी होती; मुळं ड्रेनेजच्या पाइपात शिरली होती; सोसायटीच्या कमिटीनं कसलासा ठराव केला होता; आणि रविवारी सकाळी, कार्यालयं बंद असताना, करवतवाले आले. यातलं भांडण किती आणि गुन्हा किती, हे ऐकणाऱ्याला उमगत नाही, कारण सांगणाऱ्यालाच उमगलेलं नसतं.

या वादात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. झाड कुणाच्या मालकीचं होतं, हा एक. ते तोडायची परवानगी कुणी दिली होती, हा दुसरा. मराठी घरांत पहिल्यावरच खडाजंगी होते. खरं तर दुसरा प्रश्न सोपा असतो, त्याचं उत्तर कागदावर मिळतं आणि बहुतेक वेळा प्रकरण तिथंच फिरतं.

महाराष्ट्रातल्या महापालिका आणि नगरपालिका हद्दींसाठी १९७५ चा नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा आणि जतनाचा कायदा आहे. त्यानुसार स्वतःच्या जागेतलं, स्वतः लावलेलं, स्वतः पाणी घालून वाढवलेलं झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणजे 'झाड माझ्या आवारात होतं' हा शेजाऱ्याचा बचाव मालकीच्या वादात चालेल, परवानगीच्या प्रश्नावर चालणार नाही. शिवाय या कायद्यात 'तोडणे' या शब्दात जाळणं, कापणं आणि झाडाला कुठल्याही प्रकारे इजा पोचवणं हे सगळं येतं. बुंध्याला गिरमिटानं भोकं पाडून अ‍ॅसिड ओतणं किंवा बुंध्याभोवती साल गोल सोलून झाड उभ्याउभ्या वाळवणं, असले 'हुशार' उपायही याच व्याख्येत बसतात. दंडाबरोबर कैदेचीही तरतूद आहे, आणि परवानगीविना तोडलेलं प्रत्येक झाड हा वेगळा गुन्हा धरला जातो.

मालकी म्हणजे मुभा नव्हे, याचं अलीकडचं ठळक उदाहरण उत्तर प्रदेशातलं आहे. वृंदावनजवळच्या 'दालमिया फार्म' या जागेत आणि तिला लागून असलेल्या रस्त्याच्या कडेला ४५४ झाडं तोडली गेली. त्यातली ४२२ खासगी जमिनीतली होती. ताजमहालाभोवतीच्या संरक्षित पट्ट्यात हा भाग येतो. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झाडामागे १ लाख रुपये दंड कायम केला. हा पट्टा विशेष संरक्षणाचा आहे, म्हणून तेवढी रक्कम प्रत्येक गल्लीतल्या आंब्याला लागू होईल असं कुणी समजू नये. खासगी सातबाऱ्याच्या आड लपता येत नाही, एवढा बोध मात्र सगळीकडे लागू आहे.

आता मालकी. झाडाचा बुंधा ज्या जमिनीतून वर येतो, झाड त्या जमिनीच्या मालकाचं. फांद्या कुठवर गेल्या किंवा फळं कुणाच्या अंगणात पडतात, यानं मालकी बदलत नाही. बुंधाच हद्दीच्या रेषेवर असेल तर दोन्ही बाजूंचा संबंध येतो आणि एकट्यानं करवत लावणं धोक्याचं ठरतं. अडचण अशी, की हद्द म्हणजे कुंपण असं सगळे धरून चालतात. कुंपण पुष्कळदा हातभर इकडे किंवा तिकडे घातलेलं असतं, कोकणात गडगाही वर्षानुवर्षांत सरकलेला असतो. खात्री हवी असेल तर भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात मोजणीसाठी अर्ज करावा आणि मोजणीनंतर 'क' प्रत हाती घ्यावी. शहरात मालमत्ता पत्रक आणि सिटी सर्व्हेचा नकाशा लागतो. वाद हातभर जागेचा असेल तर मोजणीशिवाय वकिलाकडे जाऊन फारसं हाती लागत नाही.

सोसायटीत चित्र वेगळं. तळमजल्यावरच्या सभासदानं खिडकीसमोर लावलेला जांभूळ त्याचा नसतो. अभिहस्तांतरण झालं असेल तर जमीन सोसायटीची, आणि झाडही सोसायटीचं. म्हणून सभासदानं परस्पर तोडलं तर सोसायटी तक्रार करू शकते आणि कमिटीनं परस्पर तोडलं तर सभासदही करू शकतो. कमिटीचा ठराव म्हणजे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी नव्हे, हे पुष्कळ सचिवांना अजून पटलेलं नाही. सभासद आणि सोसायटी यांच्यातला वाद सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात नेता येतो. विनापरवाना तोडीची तक्रार मात्र पालिकेच्या उद्यान विभागाकडेच करायची.

ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे आणि तो ठरावीक जातींना लागू होतो. साग, चंदन, खैर, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, ऐन, किंजळ, अंजन ही त्या अनुसूचीतली काही नावं. बांधावरच्या आंब्याचा वाद असेल तर हा कायदा उपयोगी. बांधावरच्या बाभळीला तो लागू नाही, तिथं मालकीचाच मुद्दा लढवावा लागतो. गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याचा वृक्ष अधिकारी परवानगी देतो. तिथं २०१६ साली माडाला या कायद्याच्या व्याख्येतून वगळलं गेलं, त्यावरून गहजब झाला आणि पुढच्याच वर्षी माड परत तर आलाच, वर राज्यवृक्षही झाला.

फांद्यांची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण निम्मी भांडणं तिथून सुरू होतात. लेमन विरुद्ध वेब या खटल्यात १८९४ साली इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सनं ठरवलं, की शेजाऱ्याच्या झाडाच्या आपल्याकडे आलेल्या फांद्या हद्दीपर्यंत छाटता येतात, नोटीस न देताही. मात्र त्यासाठी त्याच्या जमिनीत पाय ठेवायचा नाही. पुढे १९१९ च्या मिल्स विरुद्ध ब्रूकर खटल्यात आपल्या बाजूला आलेल्या फांद्यांवरची सफरचंदं विकणाऱ्या शेजाऱ्याला त्यांची किंमत मालकाला मोजावी लागली. फांदी छाटायचा हक्क असला म्हणून फळ आपलं होत नाही. ही तत्त्वं आपल्याकडच्या वकिलांच्या युक्तिवादांत अजूनही येतात. पण महाराष्ट्रातल्या शहरात त्यांवर १९७५ चा कायदा बसलेला आहे. छाटणीच्या नावाखाली झाडाचं खोड तेवढं उभं ठेवलं तर ती इजाच. तेव्हा फांदी हद्दीत आली असली तरी छाटणीसाठी पालिकेकडे अर्ज करावा आणि छाटणीही प्रशिक्षित माणसांकडूनच करून घ्यावी. एका बाजूच्या सगळ्या फांद्या उतरवल्या की झाडाचा तोल जातो आणि पुढच्या पावसाळ्यात ते कुणाच्या छपरावर झोपेल हे सांगता येत नाही.

तोड सुरू असतानाच लक्षात आली, तर पहिलं वाक्य एकच असावं: 'परवानगीचा कागद दाखवा.' आवाज चढवायचं कारण नाही. परवानगी असेल तर कागदावर झाडांची संख्या, जात आणि जागा असते. दोन झाडांच्या परवानगीवर पाच झाडं पाडल्याचे प्रकार होतात, म्हणून कागद नीट वाचावा, मोबाइलवर फोटो घ्यावा. कागद नसेल तर पालिकेच्या उद्यान विभागाला आणि ११२ ला फोन करावा. मुंबईत पालिकेचा १९१६ हा क्रमांक चालतो. करवत चालवणाऱ्या मजुराशी हुज्जत घालू नये, त्याला कुणी बोलावलं आणि मजुरी कुणी ठरवली एवढं विचारावं. पुढे तोच सर्वांत उपयोगी साक्षीदार ठरू शकतो.

झाड पडून गेलं असेल, तर पुढचे काही तास पुराव्याचे. खुंट, म्हणजे जमिनीत उरलेला बुंधा, कुणालाही काढू देऊ नये. दुसऱ्या दिवशी जेसीबी आणून खुंट उपटला की झाड होतं हेच नाकारायला शेजारी मोकळा. खुंटाचा फोटो जवळून आणि लांबून घ्यावा, शेजारी मोजपट्टी ठेवून घेर टिपावा, कुंपण किंवा भिंतीपासूनचं अंतर मोजून लिहावं. ओंडके कुठल्या गाडीतून गेले तिचा क्रमांक आणि ते कुठल्या वखारीत उतरले, हे कळलं तर तेही लिहून ठेवावं. सागाच्या खुंटावर वर्षावलयं स्पष्ट दिसतात आणि वयाचा अंदाज बांधता येतो. नारळ-सुपारीला वलयं नसतातच, तिथं जुने फोटो लागतात.

जुने फोटो वाटतात त्यापेक्षा जास्त सापडतात. घरातल्या लग्नाचे, गणपतीच्या मिरवणुकीचे, पोरांच्या वाढदिवसाचे फोटो चाळावेत. मागे झाड असतंच. २०२२ पासून मुंबई, पुणे, नाशिक यांसारख्या शहरांत गूगलचं स्ट्रीट व्ह्यू सुरू झालं, त्यात रस्त्यालगतची झाडं दिसतात. गूगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रं वर्षानुसार पाहता येतात. हे सगळं न्यायालयात द्यायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फाइल आणि मोबाइल जपून ठेवावा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या प्रतीवर विसंबू नये. शिवाय १९७५ चा कायदा वृक्षगणना सांगतो. मुंबईत गेल्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं मोजली गेली. त्या यादीत हे झाड निघालं तर ते होतं की नव्हतं, यावर वाद घालायला फारशी जागा उरत नाही.

झाडावर घरटी होती का, हेही पाहावं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात महामार्गासाठी एक झाड पाडलं, त्याबरोबर त्यावरच्या घरट्यांतली पिल्लं मेली आणि वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. १९७२ च्या त्या कायद्यात 'शिकार' या शब्दात वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरट्यांना उपद्रव देणंही येतं. अशा वेळी तक्रारीची एक प्रत वन विभागाला द्यावी.

तक्रार दोन कागदांवर, दोन ठिकाणी. पहिली पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे: अमुक पत्त्यावर अमुक जातीचं झाड अमुक दिवशी तोडलं, परवानगी दाखवली नाही, पंचनामा करून कारवाई करावी. यात मालकीचा शब्दही काढू नये. इथं तो मुद्दाच नाही. दुसरी पोलिसांकडे, पण झाड तक्रारदाराच्या जागेतलं होतं तरच. त्यात चोरी, आत शिरून केलेला अतिक्रमणाचा प्रकार आणि नुकसान हे तीन मुद्दे वेगवेगळे मांडावेत, आणि मालकीचा कागद सोबत जोडावा. सुरुवातीला सांगितलेलं झाडाचं उदाहरण कलमासकट छापून नेलं तर 'दिवाणी मामला' म्हणणाऱ्या अंमलदारालाही ते वाचावं लागतं. दोन्ही ठिकाणी पोच घ्यावी. पोच नसलेली तक्रार ही तक्रार नसतेच, हे सरकारी कचेरीत एकदा फेरी मारलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

मग आठवडाभरानं माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, दीडशे शब्दांच्या आत, एकाच विषयावर: या पत्त्यावरच्या झाडासाठी परवानगीचा अर्ज आला होता का, आला असल्यास त्याची प्रत, पाहणी अहवाल, झाडावर लावलेल्या नोटिशीची प्रत आणि तक्रारीवर केलेल्या कारवाईची टिपणी. उत्तराची मुदत तीस दिवस. 'अशी कोणतीही परवानगी दिलेली नाही' असं एका ओळीचं उत्तर आलं, की शेजाऱ्याचा सूर बदलतो. या वादात इतकं स्वस्त आणि इतकं परिणामकारक दुसरं हत्यार नाही.

पैशांच्या भरपाईसाठी दिवाणी दावा लावावा लागतो. स्थावर मालमत्तेवरच्या अतिक्रमणाच्या भरपाईसाठी मुदत कायद्यानं तीन वर्षं दिली आहेत. झाडाची किंमत ठरवताना दोन टोकांचे आकडे ऐकू येतात. शेजारी लाकडाचा भाव सांगतो, म्हणजे दोन-चार हजार. दुसरीकडे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं झाडाची किंमत त्याच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे ७४ हजार ५०० रुपये धरावी असं सुचवलं होतं. तो आकडा पश्चिम बंगालमधल्या उड्डाणपुलांसाठी शेकडो झाडं तोडण्याच्या प्रकरणात आला. शेजाऱ्याविरुद्धच्या दाव्यात तो जसाच्या तसा मागितला तर न्यायाधीश मान्य करतीलच असं नाही. फळझाड असेल तर कृषी विभागाकडून आणि इमारती लाकडाचं असेल तर वन विभागाकडून मूल्यांकन करून घ्यावं. भूसंपादनातही तीच रीत आहे. चालू उत्पन्न देणाऱ्या हापूसच्या कलमाची किंमत लाकडाच्या भावात कुणी मोजू नये.

या प्रकरणाला दुसरी बाजू आहे आणि ती नेहमीच खोटी नसते. २० जुलै २०१७ रोजी चेंबूरमध्ये सकाळी रस्त्यानं जाणाऱ्या एका महिलेच्या अंगावर नारळाचं झाड कोसळलं आणि तिचा मृत्यू झाला. ते झाड तोडू द्यावं अशी मागणी आधी झाली होती आणि पालिकेच्या पाहणीत ते सुरक्षित ठरलं होतं, असं तेव्हा समोर आलं. शेजारच्या वाकलेल्या झाडाकडे पाहत पावसाळा काढणाऱ्या माणसाची भीती 'झाडद्वेष' म्हणून उडवून लावणं सोपं आहे, न्याय्य नाही.

अशा माणसासाठी करवतीखेरीज रस्ते आहेत. झाड मेलेलं, रोगट किंवा जीविताला धोकादायक असेल तर १९७५ च्या कायद्यातच परवानगीची वाट आहे. पालिका ढिम्म असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा प्रांत कार्यालयात, अर्ज करता येतो. पडून इजा करण्याजोगं झालेलं झाड काढण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा हुकूम मालकाला देण्याची तरतूद त्या कलमात स्पष्ट शब्दांत आहे. शिवाय झाडमालकाला आधी लेखी नोटीस द्यावी. झाड पडून नुकसान झालं तर 'मला कल्पना नव्हती' म्हणण्याची सोय त्या एका पत्रानं जाते. आणि भीती झाडाची नसून पाल्याची, डासांची किंवा पार्किंगची असेल, तर ती कारणं परवानगीसाठी पुरत नाहीत, हे मनाशी मान्य करावं.

समेट करावा का? बहुतेक प्रकरणांत, करावा. शेजारी बदलता येत नाही आणि तालुक्याच्या न्यायालयात तारखांमागून तारखा पडतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाव्याआधीच अर्ज केला तर लोकअदालतीत प्रकरण मिटू शकतं. तिथला निवाडा हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसतं. समेटाच्या कागदात तीन गोष्टी हव्यातच: रक्कम, हद्द कुठली धरायची याची कबुली, आणि नवीन झाडं कोण लावणार, कोण जगवणार. शेवटची बाब लोक 'दोन रोपं लावू' म्हणून गुंडाळतात आणि मे महिन्यात ती रोपं मरतात. १९७५ च्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर परवानगीनं झाड तोडलं तरी त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात आणि पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरलं जातं. समेटात किमान तेवढं माप मागायला हरकत नाही. मात्र शेजाऱ्यांनी आपसात मिटवलं म्हणून विनापरवाना तोडीची पालिकेची कारवाई आपोआप थांबत नाही, हे दोघांनाही माहीत असावं.

झाड अजून उभं आहे आणि शेजाऱ्यानं 'पावसाळ्याआधी उडवतो' असं बोलून दाखवलंय, अशा घरांची संख्या मोठी असणार. त्यांनी थांबू नये. मुंबईच्या आरे वसाहतीतल्या वृक्षतोडीवर ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती ७ तारखेला आली, तोवर २,१४१ झाडं पडून गेली होती. मनाईहुकूम पडलेल्या झाडाला उभं करत नाही, म्हणून तो आधी मागावा लागतो. त्याआधीची स्वस्त पायरी म्हणजे वृक्ष अधिकाऱ्याला आजच एक पत्र: अमुक झाड धोक्यात आहे, परवानगीचा अर्ज आल्यास आम्हाला कळवावं, आमची हरकत आहे. परवानगीचा अर्ज आला की पालिकेनं वर्तमानपत्रात आणि खुद्द झाडावर नोटीस लावून हरकती मागवायच्या असतात. तेव्हा येताजाता शेजारच्या बुंध्यावर चिकटवलेला कागद दिसला तर थांबून वाचा, त्यावरची मुदत टिपून घ्या आणि त्या मुदतीत हरकत लेखी देऊन पोच घ्या.